उरलेले ६४ टक्के कुठे गेले?

मॅडम,

मी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय ऑरगॅनिक. थिअरीत आजवर कधी अडले नाही, पण यंदा ॲडव्हान्स्ड लॅब सुरू झाली आणि सगळंच बिनसलं. परवा ग्रिग्नार्ड रिॲक्शन होती, मॅग्नेशियम वापरून करायची. ब्रोमोबेंझीन १२ मिलिमोल, बेंझोफिनोन १० मिलिमोल, करायचं होतं ट्रायफिनाइलमेथॅनॉल. रिॲक्शन सुरू व्हायलाच अर्धा तास गेला. शेवटी क्रिस्टलायझेशनला क्रूड (अजून शुद्ध न केलेला माल) पूर्ण विरघळेना म्हणून आयसोप्रोपॅनॉल ओतत गेले. हाती आलं ०.९४ ग्रॅम, म्हणजे यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकतं त्यातलं हाती आलेलं) ३६ टक्के. मेल्टिंग पॉइंट १६० ते १६२. शेजारच्या टेबलावर २.११ ग्रॅम, ८१ टक्के! (त्यांचा मेल्टिंग पॉइंट १४६ ते १५५ आला, पण तो कोण विचारतंय.) पार्टनर म्हणतो, जर्नलमध्ये ७५ लिही, सगळे तेच करतात. पुढच्या प्रयोगात ब्युटिललिथियम आहे. सिरिंज त्यानेच हाताळायची हे न बोलताच ठरलंय, कारण ते हवेत पेट घेऊ शकतं आणि मला भीती वाटते. आणि रेणूची रचना दाखवणारं एनएमआर म्हणाल तर आम्ही नळी खिडकीतून देतो, दुसऱ्या दिवशी कागद मिळतो. मला संशोधनात जायचं होतं. आता वाटतं, माझे हात त्या कामाचे नाहीतच. खरं काय ते सांगा.

– यील्डग्रस्त

प्रिय यील्डग्रस्त,

तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला आकडा तू जाता जाता लिहून टाकलायस: १६० ते १६२. ट्रायफिनाइलमेथॅनॉल साधारण १६० ते १६३ अंशांच्या दरम्यान वितळतं. तुझा माल योग्य तापमानाला आणि दोन अंशांच्या आत वितळला. म्हणजे तुझ्याकडे जे ०.९४ ग्रॅम आहे ते खरोखर तेच आहे. शेजाऱ्यांचा पट्टा नऊ अंश पसरलाय आणि खाली घसरलाय, हे अशुद्धतेचं लक्षण. त्यांच्या २.११ ग्रॅममध्ये प्रॉडक्ट किती, न वाळलेलं सॉल्व्हंट किती आणि बायफिनाइल (या रिॲक्शनचं उपउत्पादन) किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. त्यांनी काढलेला ८१ हा आकडा बशीतल्या वजनाचा आहे. त्याला यील्ड म्हणायला अजून बराच पुरावा लागेल. तेव्हा आधी शेजाऱ्यांकडे बघणं बंद कर.

आता तुझ्याकडे वळू. १० मिलिमोल बेंझोफिनोनपासून जास्तीत जास्त २.६० ग्रॅम मिळू शकतं. तुला ०.९४ मिळालं. उरलेलं १.६६ ग्रॅम हवेत विरलेलं नाही. ते एक तर तयारच झालं नाही, नाहीतर तयार होऊन वर्कअपमध्ये (रिॲक्शननंतरच्या धुण्या-गाळण्यात) अडकलं, नाहीतर क्रिस्टलायझेशनच्या मदर लिकरमध्ये (स्फटिक गाळून उरलेल्या द्रावणात) बसलंय. या तिन्हींपैकी कुठे, हे ठरवायला एक आकडा हवा होता आणि तो पत्रात कुठेच नाही: क्रूडचं वजन. ईथर उडवल्यावर आणि आयसोप्रोपॅनॉल घालण्याआधी फ्लास्कमध्ये किती होतं? रिकाम्या आरबीचं (गोल बुडाच्या फ्लास्कचं) वजन आधी करून ठेवलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं आणि अर्धं कोडं तिथेच सुटलं असतं. जर्नलं तपासताना ही उणीव मला इतक्यांदा दिसली आहे की आता मी यील्डचा आकडा बघायच्या आधी क्रूडच्या वजनाची ओळ शोधते.

पहिली शक्यता पाण्याची. पाणी ग्रिग्नार्डचं मॅग्नेशियम संयुग मारून टाकतं. अर्धा तास लागला म्हणालीस, त्यावरून काहीतरी ओलं होतं असा संशय घ्यायला जागा आहे. हिशेब करून बघ. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलीटर. पाण्याचा रेणुभार १८, म्हणजे एका थेंबात जवळपास २.८ मिलिमोल पाणी. ब्रोमोबेंझीन तू १२ मिलिमोल घेतलंस, बेंझोफिनोन १०. जादा शिल्लक फक्त २ मिलिमोलची. एका थेंबाने ती शिल्लक खाल्ली आणि वर आणखी थोडं. ओव्हनमधून काढलेली काच उघड्यावर थंड होऊ दिली की तिच्यावर ओलाव्याचा थर पुन्हा बसतोच, म्हणून सगळी मांडणी काच गरम असतानाच करून गार्ड ट्यूब (ओलावा अडवणारी नळी) लावायची असते. पण निव्वळ पाण्यामुळे ३६ टक्क्यांवर यायचं तर तीन थेंब लागतील, आणि तसं झालं असतं तर क्रूडमध्ये ६ मिलिमोलहून जास्त, म्हणजे ग्रॅमच्या वर बेंझोफिनोन जसंच्या तसं उरलं असतं. बेंझोफिनोन ४८ अंशांनाच वितळतं. क्रूड चिकट, तेलकट झालं असतं. तुझं क्रूड तसं होतं का? आठवून बघ. मला नाही वाटत, कारण तसं असतं तर तुझी तक्रार ‘विरघळेना’ अशी नसती.

दुसरी जागा वर्कअप. रिॲक्शन संपल्यावर फ्लास्कमध्ये जे असतं ते अजून अल्कोहोल नसतं, मॅग्नेशियमचं मीठ असतं. आम्ल घालून ते मोडावं लागतं. आम्ल कमी पडलं की मॅग्नेशियमचा पांढरा गाळ दोन थरांच्या मधे घुटमळत राहतो आणि त्यात प्रॉडक्टही अडकून बसतं. खालच्या थराचा पीएच कागदाने तपासला होतास का? ‘पुरेसं आम्ल घाला’ असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पुरेसं म्हणजे किती, हे तुझ्या फ्लास्ककडे बघून तुलाच ठरवायचं असतं.

माझा खरा संशय तिसऱ्या जागेवर आहे, आणि तोही तुझ्याच वाक्यामुळे. ‘पूर्ण विरघळेना म्हणून ओतत गेले.’ जे विरघळत नव्हतं ते ट्रायफिनाइलमेथॅनॉल होतं, हे कशावरून? मॅग्नेशियमची मिठं किंवा गाळणीतून निसटलेली ड्रायिंग एजंटची पूड आली असेल, तर ती उकळत्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये सात जन्मांत विरघळणार नाही. तिच्यामागे लागून तू सॉल्व्हंट वाढवत गेलीस आणि जो माल केव्हाच विरघळला होता तो थंड झाल्यावरही द्रावणातच राहिला. अशा वेळी ओतणं थांबवायचं. दोन वेळा थोडं थोडं गरम सॉल्व्हंट घालूनही गाळ तेवढाच दिसला तर तो तुझा माल नाही असं धरायचं आणि द्रावण गरम असतानाच गाळून घ्यायचं. शंका वाटली तर त्या गाळातला चिमूटभर टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन पाण्यात घालून बघायचा. मीठ असेल तर पाण्यात, नाहीतर थोडं आम्ल टाकल्यावर, जाईल. ट्रायफिनाइलमेथॅनॉल पाण्यात जात नाही.

मदर लिकर फेकलं नसशील तर अजूनही काही बिघडलेलं नाही. त्याचा एक ठिपका, शुद्ध प्रॉडक्टचा एक आणि बेंझोफिनोनचा एक, असे तीन ठिपके एकाच टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या सिलिकाच्या पट्टीवर) लाव आणि यूव्हीखाली धर. बायफिनाइल असेल तर ते सगळ्यात वर पळालेलं दिसेल, कारण त्यात सिलिकाला धरून ठेवायला ऑक्सिजनच नाही. मग मदर लिकर एक तृतीयांश होईपर्यंत आटव, बर्फात ठेव, दुसरं पीक गोळा कर. त्याचं वजन वेगळं, मेल्टिंग पॉइंट वेगळा. पहिल्या पिकात ते मिसळायची घाई अजिबात करू नकोस. अर्धा ग्रॅमसुद्धा निघालं तरी तुला कळेल की चूक रिॲक्शनची नव्हती, बाटली तिरपी धरणाऱ्या हाताची होती. हात सुधारणं सोपं असतं.

आता ७५ लिहिण्याविषयी. उपदेश नंतर, आधी याच रिॲक्शनची गोष्ट ऐक. १८९९ साली फ्रान्समधल्या लियाँ इथे फिलिप बार्बिए यांनी झिंकऐवजी मॅग्नेशियम वापरून बघितलं. कीटोन, अल्किल हॅलाइड आणि मॅग्नेशियम, सगळं एकत्र. काम झालं, पण भरवशाचं नाही. एकदा बरं, एकदा वाईट. त्यांनी हा लहरी प्रकार आपल्या विद्यार्थ्याकडे, व्हिक्टर ग्रिग्नार्डकडे सोपवला. ग्रिग्नार्डने टप्पे वेगळे केले: आधी कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियमचं संयुग तयार करायचं, मग त्यात कीटोन घालायचा. १९०० साली ते प्रसिद्ध झालं आणि १९१२ साली त्याला नोबेल मिळालं, पॉल साबात्येंबरोबर वाटून. बार्बिएंच्या वहीत कुणी सगळीकडे ७५ लिहून ठेवलं असतं तर ग्रिग्नार्डला शोधायला काही उरलंच नसतं. वाईट आकडे वाईट म्हणूनच लिहिलेले होते, म्हणून कुणाला तरी त्यांच्यामागे जाता आलं.

तुझ्या पार्टनरचं ‘सगळे तेच करतात’ हे दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी खरं आहे, आणि त्यात दोष विद्यार्थ्यांइतकाच आमचाही आहे. यील्डला गुण दिले की यील्ड येतंच! पण तू लिहू नकोस. पकडली जाशील म्हणून नव्हे (तरी पकडली जाशीलच, कारण ७५ टक्के लिहून बाटलीत ०.९४ ग्रॅम जमा करणाऱ्याला दुसरं कुणी लागत नाही). ७५ लिहिलंस की १.६६ ग्रॅमचा तपास तिथेच बंद होतो, म्हणून. जे शिकायचं होतं त्याच्यावर तूच रेघ मारलेली असते. आणि पुढे कधी तुझी वही बघून दुसरं कुणी तीच पायरी दहापट मोठ्या प्रमाणावर करायला घेईल, तेव्हा ते तुझ्या आकड्यावर विसंबून कच्चा माल मोजेल.

वहीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. फेअर जर्नल संध्याकाळी घरी बसून लिहायची सवय मोड. टेबलाशीच, पेनाने, वेळेसकट लिही. ‘११.४० रिॲक्शन सुरू करायला घातलेल्या आयोडीनचा रंग तसाच. ११.५५ फ्लास्क तळव्यात धरून गरम केला. १२.०५ मॅग्नेशियमवर बुडबुडे, द्रावण गढूळ, रंग गेला. १२.१० गरम करणं थांबवलं, ईथर आपोआप उकळतंय.’ असल्या चार ओळी असत्या तर मला तुझ्या अर्ध्या तासाबद्दल आणखी बरंच सांगता आलं असतं. घरी लिहिलेल्या जर्नलमध्ये प्रत्येक रिॲक्शन लगेच सुरू होते.

ब्युटिललिथियमची भीती. ही भीती योग्य आहे आणि ती घालवायच्या मागे लागू नकोस. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक टर्शरी-ब्युटिललिथियम सिरिंजने काढत होती. ते हवा लागताच पेट घेणारं द्रव्य. ती वापरत होती ६० मिलिलीटरची प्लॅस्टिकची सिरिंज, आणि काढायचं होतं पन्नास मिलिलीटरच्या वर. दट्ट्या बाहेर आला. अंगावर लॅब कोट नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. सेफ्टी शॉवर होता, पण त्याच्याखाली तिला कुणी नेलं नाही. जानेवारी २००९ मध्ये ती गेली. हे तुला घाबरवायला सांगत नाही. त्यातला एकेक तपशील बघ: सिरिंजचा आकार, कपडे, शॉवर. प्रत्येक गोष्ट आदल्या दिवशी ठरवता येण्यासारखी होती.

म्हणून तूही आदल्या दिवशीच ठरव. जेवढं काढायचं त्याच्या दुप्पट मापाची सिरिंज, म्हणजे दट्ट्या कधीच अर्ध्याच्या पुढे जाणार नाही. सुई फिरवून घट्ट बसणारी आणि लांब. बाटली क्लॅम्पमध्ये पकडलेली, हातात नाही. आत आर्गॉन किंवा नायट्रोजनचा हलका दाब. सुती कपडे, त्यावर लॅब कोट, आणि तोही आग न धरणारा मिळाला तर उत्तम. हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) सॉल्व्हंटची दुसरी उघडी बाटली नको. कोरडी वाळू हाताशी हवी. सांडलेलं ब्युटिललिथियम पेटलं तर त्यावर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारायचा नाही. पण माणसाचे कपडे पेटले तर मात्र धावत शॉवरखालीच. सगळ्यात महत्त्वाचं: शिक्षकांना सांगून तशाच सेप्टमच्या (सुई टोचता येणाऱ्या रबरी बुचाच्या) बाटलीत नुसतं हेक्झेन भर आणि तेच सगळं त्यांच्यासमोर करून बघ. दट्ट्या सावकाश ओढायचा, सुई द्रवाबाहेर काढून टोकाशी वायूचा छोटा बुडबुडा घ्यायचा, मग सेप्टममधून बाहेर. हात थरथरायचा थांबेपर्यंत. खरी बाटली त्यानंतर. पार्टनरला म्हणावं, या वेळी तू क्लॅम्प धर. तो नाही म्हणणार नाही. त्यालाही मनातून भीती वाटत असणार, फक्त कबूल करायची सोय नसेल. आणि सरावानंतरही शिक्षकांना वाटलं की तू अजून तयार नाहीस, तर ते मानायचं.

एनएमआरचं सोपं आहे. कागद घेऊ नकोस, फाइल माग. कच्ची एफआयडी (यंत्राने टिपलेला मूळ सिग्नल) घेऊन फेज, बेसलाइन, इंटिग्रेशन स्वतः कर. त्यासाठी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर्स आहेत. डॉयटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये ७.२६ ला (हे आकडे स्पेक्ट्रमच्या पीपीएम पट्टीवरचे) सॉल्व्हंटचा आणि १.५६ च्या आसपास पाण्याचा सिग्नल दिसेल, ते दोन आधी बाजूला काढ. ७.८ जवळ काही असेल तर बेंझोफिनोन उरलंय. ७.६ ला दिसलं आणि ७.८ रिकामं असलं तर बायफिनाइल. आणि १.२२ ला डब्लेट (जोडशिखर), ४ च्या जरा वर एक बारीक मल्टिप्लेट (शिखरांचा गुच्छ) असं दिसलं, तर माल वाळलेलाच नाही, आयसोप्रोपॅनॉल आहे आत. ते किती हेही काढता येतं. ॲरोमॅटिकचं इंटिग्रेशन (सिग्नलखालचं क्षेत्रफळ) प्रॉडक्टच्या १५ हायड्रोजनांसाठी १५ ला बसवलं आणि १.२२ चा सिग्नल ३ आला, तर त्या सहा हायड्रोजनांचा अर्धाच हिस्सा दिसतोय, म्हणजे प्रॉडक्टच्या दोन रेणूंमागे आयसोप्रोपॅनॉलचा एक. वजनात सुमारे १० टक्के. (७.२६ चा सिग्नल ॲरोमॅटिकमध्ये मिसळतो, म्हणून हा आकडा अंदाजाचाच.) शेजाऱ्यांची फाइल मिळाली तर त्यांच्या ८१ मधून हे वजा करून बघ. त्यांना दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव.

हात संशोधनाचे आहेत की नाहीत, हे एका प्रयोगावरून मला काय, कुणालाच सांगता येणार नाही. पण शेजारच्या टेबलाचा मेल्टिंग पॉइंट तू विचारून घेतलास आणि कंसात का होईना मला कळवलास, त्यावरून तुझी नजर बरी दिसते.

शिक्षकांकडे जाऊन प्रयोग पुन्हा करायला माग. यील्ड वाढवायचंय असं सांगू नकोस. प्रत्येक पायरीला वजन करायचंय असं सांग: क्रूड, गरम गाळणीवरचा गाळ, पहिलं पीक, दुसरं पीक, आणि मदर लिकर पूर्ण आटवून उरलेलं. परवानगी मिळाली नाही तरी मदर लिकरची टीएलसी मात्र करच. मग व्हायवात ‘३६च का?’ असं विचारलं तर उत्तर साधारण असं दे: “सर, शुद्ध माल ३६ टक्के, मेल्टिंग पॉइंट १६० ते १६२. क्रूडचं वजन केलं नव्हतं. गाळ विरघळवायला सॉल्व्हंट जास्त घातलं. मदर लिकरच्या टीएलसीत प्रॉडक्टचा ठिपका आहे, दुसरं पीक इतकं निघालं, ही प्लेट.” आणि प्लेट पुढे कर.